आधारकार्ड शेवटी, जन्मदाखला आधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका शिक्षिकाबाईंकडे पहिलीच्या प्रवेशासाठी सहा वर्षांची मुलगी आली आहे. आईवडील अफगाण. वडील विद्यार्थी व्हिसावर आले होते, ऑगस्ट २०२१ मध्ये तिथे तालिबानची सत्ता आल्यावर परत गेले नाहीत. दोघांच्या पासपोर्टची मुदत संपली आहे आणि हातात यूएनएचसीआरचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेचं कार्ड आहे. मुलगी इथल्याच हॉस्पिटलात जन्मली. तिचा जन्मदाखला आहे, पण त्यावर बाळाच्या नावाची जागा कोरी आहे. आधार नाही म्हणून शाळेत अडलं आहे. अशात एक एजंट म्हणतो, पंधरा हजार द्या, आधार काढून देतो. बाई विचारतात, काढू द्यावं का?

नाही. एक रुपयाही देऊ नका. आता सविस्तर.

आपल्याला सवय झाली आहे की आधार काढलं की बाकी कागद आपोआप येतात. परदेशी माणसाच्या बाबतीत क्रम उलटा असतो. आधी भारतात राहण्याची परवानगी देणारा कागद, म्हणजे चालू व्हिसा किंवा लाँग टर्म (दीर्घ मुदतीचा) व्हिसा. मग त्यावर आधार, त्यावर बँक, सिम, लायसन्स. पहिली कडी नसेल तर पुढची कुठलीच कडी खऱ्या मार्गाने जोडता येत नाही. मात्र दोन गोष्टी या साखळीच्या बाहेर आहेत: जन्माची नोंद आणि शाळा. या दोन्हीला व्हिसा लागत नाही. म्हणून या कुटुंबासाठी सुरुवात तिथूनच करायची.

त्याआधी काही गोष्टी विचारून घ्या, कारण पुढचं सगळं उत्तर त्यावर फिरतं. कोणत्या देशाचे, कोणत्या धर्माचे, नेमके कोणत्या तारखेला आले, कोणत्या व्हिसावर आले, व्हिसा कधी संपला, परदेशी म्हणून नोंदणी केली होती का. धर्म विचारणं अवघड वाटेल, पण कायदाच तो विचारतो. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाही नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून १९२०, १९३९, १९४६ आणि २००० चे चार जुने कायदे जाऊन इमिग्रेशन अँड फॉरिनर्स ॲक्ट, २०२५ लागू झाला. त्यातही माणूस एकतर नागरिक आहे किंवा परदेशी. मधल्या लोकांना सवलत मिळते ती सरकारच्या आदेशांतून, गटागटाने.

अफगाणिस्तान, बांगलादेश, पाकिस्तानातून आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चन ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आले असतील तर पासपोर्ट-व्हिसाच्या अटीतून त्यांना सूट देणारा आदेश आहे. ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांना सीएए, म्हणजे नागरिकत्व दुरुस्ती कायद्याखाली नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. त्याचे नियम ११ मार्च २०२४ ला आले. उल्हासनगर किंवा नागपूरच्या जरीपटक्यातल्या, पाकिस्तानातून आलेल्या सिंधी कुटुंबांची वाट ही. तिबेटी लोकांचं तंत्र आणखी वेगळं. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावच्या वसाहतीत राहणारे किंवा थंडीत आपल्या शहरांत स्वेटर विकायला येणारे तिबेटी यांच्याकडे पोलिसांकडून नूतनीकरण होणारं नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे आरसी असतं, आणि परदेश प्रवासासाठी पिवळ्या कव्हरचं आयडेंटिटी सर्टिफिकेट. त्यातही २६ जानेवारी १९५० नंतर आणि १ जुलै १९८७ च्या आधी जो भारतात जन्मला तो जन्मानेच नागरिक आहे, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० आणि २०१६ मध्ये सांगितलं आहे. म्हणजे एकाच घरात १९८५ ची थोरली बहीण भारतीय आणि १९९० चा धाकटा भाऊ परदेशी, असं घडू शकतं.

तुमच्याकडचं कुटुंब मुस्लिम अफगाण आहे असं धरून पुढे लिहितो. तसं नसेल तर व्हिसाचा भाग बदलेल, जन्मदाखला आणि शाळा मात्र तेच राहील. मुलगी भारतात जन्मली म्हणून भारतीय होईल का, असंही लोक विचारतात. ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्या मुलासाठी आईवडील दोघे नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला हवा. इथे दोघेही परदेशी, म्हणून नाही. जन्मदाखल्याने नागरिकत्व मिळत नाही. पण ही मुलगी कोण, कुणाची, कधी आणि कुठे जन्मली, हे सांगणारा सरकारी कागद जगात तिच्यापाशी तेवढाच आहे. उद्या कुटुंब तिसऱ्या देशात गेलं तरी सगळ्यात आधी तोच मागतील.

तर जन्मदाखला. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात आईवडिलांच्या नागरिकत्वाची अट नाही. हॉस्पिटलात जन्म झाला तर कळवण्याची जबाबदारी हॉस्पिटलची, मुदत २१ दिवसांची. इथे नोंद झालेली आहे, फक्त नाव घातलेलं नाही. हे फार सोपं काम आहे आणि लोक उगीच घाबरून पुढे ढकलतात. त्याच कायद्याच्या कलम १४ खाली नाव नंतर घालता येतं. पहिल्या बारा महिन्यांत फुकट, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. अर्ज ज्या हद्दीत हॉस्पिटल आहे तिथल्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात करायचा. आत्ता राहतात त्या हद्दीत नव्हे. निम्म्या लोकांची पहिली फेरी इथेच वाया जाते.

काउंटरवर आईवडिलांचं आधार मागतील. २०२३ च्या दुरुस्तीत आधारचा उल्लेख आहे, पण 'उपलब्ध असल्यास' असा. तोंडी वाद घालू नका. अर्जातच एक ओळ लिहा की आईवडील परदेशी नागरिक असून त्यांच्याकडे आधार क्रमांक नाही, आणि पासपोर्टची व यूएनएचसीआर कार्डाची प्रत जोडली आहे. पासपोर्टची मुदत संपली असली तरी माणूस कोण आहे हे त्यातून ठरतं. संपते ती फक्त प्रवासाची सोय. जुना पासपोर्ट टाकून दिलेली कुटुंबं असतात, आणि नंतर स्वतःचं नाव सिद्ध करताना त्यांच्या नाकी नऊ येतात. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या. नाकारलं तर लेखी नकार मागा. लेखी मागितला की बहुतेक वेळा अर्ज स्वीकारला जातो.

आता नावं आणि तारखा. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा थांबतो. आपल्या फॉर्मचा साचा ठरलेला: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. बऱ्याच अफगाण लोकांना आडनावच नसतं. पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असते, किंवा टोळीचं नाव असतं, किंवा नंतर कधीतरी घेतलेलं नाव. आपला कारकून मोकळी जागा ठेवत नाही, मग आजोबांचं नाव आडनाव होऊन बसतं. हॉस्पिटलच्या नोंदीत वडील 'मोहम्मद नासिर', पासपोर्टवर नुसतं 'नासिर' आणि यूएनएचसीआरच्या कार्डावर 'नासिर अहमद'. तीन कागद, तीन माणसं. त्यात इंग्रजीत 'मोहम्मद' सहा तऱ्हांनी लिहितात. आपल्याकडचा दाखला मराठी आणि इंग्रजी दोन्हीत असतो. लोक मराठी ओळ वाचून समाधानाने घरी जातात आणि चूक इंग्रजी ओळीत राहते. नियम एकच ठेवा: आईवडिलांची नावं पासपोर्टवर जशी आहेत तशीच, अक्षर न अक्षर. मुलीच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग आज कागदावर लिहून ठरवा आणि सगळीकडे तेच द्या. दाखल्यात चूक निघाली तर कलम १५ खाली दुरुस्ती होते. मूळ नोंद न खोडता समासात ती लिहिली जाते.

तारखांचं वेगळंच. अफगाण ओळखपत्राला तज़्किरा म्हणतात. जुन्या कागदी तज़्किऱ्यावर बहुधा जन्मतारीख नसते. '१३८७ साली वय १२' अशी नोंद असते. हे त्यांचं सौर हिजरी वर्ष. १३८७ मधून १२ वजा केले की १३७५, आणि १३७५ म्हणजे मार्च १९९६ ते मार्च १९९७. दिवस-महिना कुणालाच ठाऊक नसतो, म्हणून कुणी १ जानेवारी १९९६ लिहितं, कुणी १ जानेवारी १९९७. दोन्ही अंदाजच, आणि दोन कागदांवर दोन वेगवेगळ्या तारखा मात्र संशयाला पुरेशा. इथेही पासपोर्टवरची तारीख धरा. भाषांतर करून घेणार असाल तर भाषांतरकाराला पासपोर्ट समोर ठेवायला सांगा आणि मूळ वर्ष व वयाची नोंदही भाषांतरात तशीच द्यायला लावा.

धाकटं भावंड असेल आणि त्याची नोंदच झाली नसेल तर उशीर करू नका. तीस दिवसांपर्यंत फक्त विलंब शुल्क. तीस दिवस ते एक वर्ष, जिल्हा निबंधकांची लेखी परवानगी. एक वर्षानंतर जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश. महाराष्ट्रात २०२५ पासून वर्षापेक्षा उशिराच्या नोंदींची छाननी फार कडक झाली आहे, त्यामुळे त्या टप्प्यावर जाण्याआधी हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड, प्रसूतीच्या रजिस्टरचा उतारा आणि लसीकरणाचं कार्ड हातात हवं. लसीकरणाच्या कार्डाला लोक किंमत देत नाहीत. प्रत्यक्षात त्यावर मुलाचं नाव, जन्मतारीख आणि ओळीने तारखांचे शिक्के असतात. मूल तेव्हा इथेच होतं, याचा इतका साधा पुरावा दुसरा नाही.

शाळेचं सांगतो, कारण तुम्ही स्वतःच शाळेत आहात. शिक्षण हक्क कायद्यात 'बालक' म्हणजे सहा ते चौदा वयाचं मूल; नागरिक हा शब्द त्या व्याख्येत नाही. कलम १४ म्हणतं की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही. आधारबद्दलच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं नाही असं म्हटलं आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीतल्या रोहिंग्या मुलांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितलं की मुलांनी आधी शाळेत जावं आणि नाकारलं तर उच्च न्यायालयात यावं.

मग मुख्याध्यापक का अडतात? बहुधा मनाने वाईट असतात म्हणून नव्हे. सरल या शाळांच्या सरकारी पोर्टलवर आधार वैध झालेल्या पटावर संचमान्यता, म्हणजे शाळेला मंजूर शिक्षकांची संख्या ठरते, आणि आधार नसलेलं मूल हजर असूनही शिक्षकाच्या पदासाठी मोजलं जात नाही. ही अडचण खरी आहे, पण ती शाळा आणि शिक्षण विभाग यांच्यातली आहे. प्रवेश जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या मूळ प्रवेश नोंदवहीत द्या. आधार का नाही याची नोंद करून गटशिक्षणाधिकाऱ्यांना किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागाला पत्र पाठवा आणि त्याची पोच फाइलला लावा.

आणि बाई, एक काम केवळ तुमच्याच हातात आहे. जनरल रजिस्टरमध्ये राष्ट्रीयत्वाचा रकाना असतो. तिथे सवयीने, किंवा लेकरावर दया येऊन, 'भारतीय' लिहिलं जातं. लिहू नका. 'अफगाण' लिहा. तोच रकाना पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरतो. दहा वर्षांनी ही मुलगी परदेशी विद्यार्थिनी म्हणून प्रवेश घ्यायला गेली किंवा व्हिसासाठी उभी राहिली की तिचा एक सरकारी कागद तिला अफगाण म्हणेल आणि दुसरा भारतीय. मग तिनेच कधीतरी खोटं सांगितलं असा अर्थ निघतो. शाळा सोडल्यानंतर रजिस्टरमधली नोंद बदलणं किती जिकिरीचं असतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

यूएनएचसीआरच्या कार्डाबद्दल दोन टोकांचे गैरसमज आहेत. एक, ते कार्ड म्हणजे व्हिसा. दुसरा, ते कार्ड म्हणजे रद्दी. दोन्ही चूक. संस्थेची कार्यालयं दिल्ली आणि चेन्नईला आहेत. अफगाणिस्तान, म्यानमार, सोमालिया अशा देशांच्या लोकांची नोंदणी ती करते. तिबेटी आणि श्रीलंकन तमिळ यांचं सरकार थेट पाहतं. आधी आश्रय मागणारा म्हणून नोंद होते आणि अर्ज विचाराधीन असल्याचा कागद मिळतो. मग मुलाखत, आणि मान्यता मिळाली तर निर्वासित कार्ड. तुमच्या कुटुंबाकडे यातलं कोणतं आहे ते आधी पाहा, कारण दोन्ही दिसायला सारखी वाटतात. हे कार्ड भारत सरकारने दिलेलं नाही, त्यावर राहण्याचा परवाना मिळत नाही. पण मुदत चालू असलेलं कार्ड पोलिसांच्या चौकशीत, सरकारी दवाखान्यात आणि पुढच्या व्हिसा अर्जात माणसाची बाजू सांगतं. पत्ता बदलला, बाळ झालं, लग्न झालं की कळवायचं. मुलगी घरच्या नोंदीत चढलेली आहे का, हे आजच तपासा. नोंदणीला पैसे लागत नाहीत; मध्ये कुणी मागितले तर तो दलाल समजा.

आता मूळ कडी, राहण्याचा परवाना. स्वतःला निर्वासित म्हणवणाऱ्या परदेशी व्यक्तींसाठी गृह मंत्रालयाची कार्यपद्धती २९ डिसेंबर २०११ ची आहे, २० मार्च २०१९ ला ती सुधारली. वंश, धर्म, लिंग, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळाची साधार भीती आहे असं दिसलं, तर परदेशी नोंदणी अधिकारी लाँग टर्म व्हिसाची शिफारस पुढे पाठवू शकतात. तो मिळाला तर खासगी नोकरी आणि शिक्षणाची मुभा असते. अर्ज ई-एफआरआरओ, म्हणजे परदेशी नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर. पुण्यात हे काम पोलीस आयुक्तालयातल्या परदेशी नोंदणी कार्यालयाकडे आहे. कागदावर हे सरळ दिसतं. प्रत्यक्षात सुरक्षा पडताळणी होते, वेळ लागतो, आणि दावा पटला नाही तर त्याच कार्यपद्धतीत ताब्यात घेऊन परत पाठवण्याची वाटही आहे. मुदतीपलीकडे राहण्याला नव्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. त्यामुळे हा अर्ज वकिलाशिवाय करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. फीची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात आईने अर्ज करावा. विधी सेवा कायद्याच्या कलम १२ खाली स्त्री आणि बालक यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, आणि त्या कलमात नागरिकत्वाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

वकिलाला एक प्रश्न जरूर विचारा: पासपोर्ट नूतनीकरणासाठी स्वतःच्या देशाच्या वकिलातीत जावं का? व्हिसासाठी चालू पासपोर्ट सोयीचा असतो हे खरं. पण ज्या सरकारची भीती वाटते म्हणून आश्रय मागितला, त्याच सरकारचं संरक्षण आपण होऊन पुन्हा घेतलं, असा अर्थ त्यातून काढता येतो. १९५१ च्या करारात निर्वासिताचा दर्जा संपण्याचं ते पहिलंच कारण आहे. शिवाय घरचे मागे तिथेच असतील तर माहिती कुणाच्या हाती जाते हाही प्रश्न आहे. काही कुटुंबांना हे परवडतं, काहींना अजिबात नाही. बाहेरच्याने ठरवायची ही गोष्ट नाही.

लाँग टर्म व्हिसा मिळाला की मग आधार. परदेशी रहिवाशांसाठी फॉर्म वेगळे आहेत: अठरा वर्षांवरच्यांना ७, पाच ते अठरा वयाला ८, पाचाखालच्यांना ९. मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहणं लागतं. यूएनएचसीआर कार्ड ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही. आधारकार्डाची मुदत व्हिसाच्या मुदतीइतकीच असते, म्हणजे व्हिसा वाढला की आधारही वाढवावं लागतं. तुमच्याकडच्या मुलीला फॉर्म ८ लागेल, आणि तो आज भरून उपयोग नाही.

एजंट पंधरा हजारांत काय करतो ते यावरून कळेल. तो परदेशी फॉर्म भरत नाही. भारतीय रहिवाशाचा फॉर्म, कुणाच्या तरी पत्त्याचा दाखला आणि एक बनावट जन्मदाखला, एवढं जोडतो. कार्ड येतंही, म्हणून लोक फसतात. पुढे ते उघड झालं की आधार बंद होतं, गुन्हा दाखल होतो आणि छळातून आलेलं कुटुंब फाइलमध्ये 'बनावट कागदपत्रं बाळगणारे' होऊन बसतं. खोटा पासपोर्ट किंवा व्हिसा बनवून घेतला किंवा वापरला तर नव्या कायद्यात किमान दोन वर्षं, कमाल सात वर्षं शिक्षा आणि एक ते दहा लाख दंड आहे. एजंट मात्र तोवर नंबर बदलून मोकळा झालेला असतो.

बँकेचं थोडक्यात. ओळखीचा अधिकृत कागद नसलेल्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमांत 'स्मॉल अकाउंट' आहे. फोटो आणि अधिकाऱ्यासमोर सही, एवढ्यावर ते उघडतं. वर्षभरात एकूण जमा एक लाखापर्यंत, शिल्लक पन्नास हजारांपर्यंत, महिन्याला काढणं दहा हजारांपर्यंत. बारा महिने चालतं, आणि अधिकृत कागदासाठी अर्ज केल्याचं दाखवलं तर आणखी बारा. परदेशातून पैसे यात घेता येत नाहीत. परदेशी माणूस पाहून शाखा सहसा नाही म्हणते. सरकारी बँकेच्या मोठ्या शाखेत लेखी अर्ज देऊन पाहायला हरकत नाही. सिम किंवा खातं शेजाऱ्याच्या नावावर घेऊन वापरू नका. भाडेकरार नोंदवलेला असावा आणि घरमालकाने परदेशी भाडेकरूची माहिती पोर्टलवर भरलेली असावी. तो कागद पत्त्याचा पुरावा म्हणून पुढे प्रत्येक टप्प्यावर लागतो.

तेव्हा सोमवारी आईवडील दोघांनी नोंदणी कार्यालयात जावं. बरोबर मूळ जन्मदाखला, दोघांचे जुने पासपोर्ट, यूएनएचसीआर कार्डं, हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड आणि लसीकरणाचं कार्ड, प्रत्येकाच्या दोन प्रती. मुलीचं नाव मराठीत आणि इंग्रजी मोठ्या लिपीत एका चिठ्ठीवर लिहून न्यावं, म्हणजे काउंटरवर बोलून सांगावं लागणार नाही. दाखला छापून मिळाला की खिडकी सोडण्याआधी इंग्रजी ओळ पासपोर्ट शेजारी धरून वाचावी.

प्रवेश तोवर थांबवू नका. रजिस्टरमध्ये नाव घाला, दाखल्याची प्रत मागाहून लावता येते.